वाचक विचारतात : वरळीचा रेडिओ ठाण्यात ऐकू यायचा का?

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज १९२७ सालच्या मुंबई रेडिओ केंद्राचा उल्लेख केला होता, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं वरळीचं केंद्र, जे कंपनीने जेमतेम अडीच वर्षं आणि वर थोडे दिवस चालवलं. त्यावर ठाणे, कळवा, नेरुळ, वाशी असे सगळीकडून प्रश्न आलेत. त्यामुळे या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा रेडिओलाच दिलीय.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगतात. माझ्या आजोबांनी १९२८ च्या सुमारास नौपाड्यातल्या घरी वीज नसताना, बॅटरी नसताना मुंबईचा रेडिओ ऐकला होता म्हणे. माझा नातू इंजिनीअर आहे, तो म्हणतो आजोबा ही थाप आहे, पॉवरशिवाय काही चालत नाही. खरं काय समजायचं? (निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा)

काका, नातवाला सांगा की खापरपणजोबांवर विश्वास ठेव. ही गोष्ट अगदी शक्य आहे आणि त्या काळात हजारो लोकांनी असंच ऐकलंय.

त्याला क्रिस्टल सेट म्हणायचे. गॅलेना नावाचा शिशाच्या खनिजाचा चकचकीत खडा, त्याच्यावर अलगद टेकवलेली एक बारीक तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि कानाला लावायचा हेडफोन, झालं. छपरावरून एखाद्या झाडापर्यंत लांब एरियलची तार ताणायची आणि दुसरी तार ओल्या जमिनीत पुरायची, विहिरीजवळ असेल तर उत्तमच. यात बॅटरी कुठेच नाही, कारण हेडफोनचा पडदा हलवायला जी काही शक्ती लागते ती स्टेशनच्या लहरींतूनच येते, तुमच्या एरियलने हवेतून पकडलेली. म्हणजे वरळीहून निघालेल्या ताकदीचा एक कणभर तुकडा नौपाड्यातल्या तारेत उतरायचा आणि तेवढ्यावर गाणं ऐकू यायचं. नातवाचं 'पॉवरशिवाय चालत नाही' हे बरोबरच आहे, फक्त पॉवर घरातली नव्हती, वरळीची होती.

मी हे नुसतं वाचून सांगत नाहीये. शाळेत असताना कळव्याला आमच्या चाळीत मी असा सेट केला होता, तेव्हा गॅलेनाऐवजी ओए-७९ नावाचा जर्मेनियम डायोड मिळायचा, लॅमिंग्टन रोडवरून वडिलांनी आणून दिला होता, आणि कॉइल गुंडाळली होती टाल्कम पावडरच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर. पहिल्या रात्री नळाच्या पाइपला अर्थिंग जोडलं आणि कानात एकदम बाईंचा स्वच्छ आवाज आला, मुंबई ब केंद्र, मी अक्षरशः ओरडलो. मग आई आली, तिला ऐकवलं, शेजारच्या काकू आल्या, सगळ्यांना एकाच वेळी ऐकायचं म्हणून हेडफोन पितळेच्या वाटीत ठेवला तर वाटी गायला लागली. तुमच्या आजोबांनीही बहुतेक असंच काहीतरी केलं असणार, वाटीची युक्ती फार जुनी आहे.

आता अंतराचं बघू. वरळीचा ट्रान्समीटर होता दीड किलोवॅटचा, मीडियम वेव्हवर. आज ऐकायला हे फार कमी वाटतं, पण चांगलं ऐकू येण्याचा पल्ला साधारण ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर धरलेला होता. नकाशा काढा आणि वरळीवर कंपासचं टोक ठेवून तेवढं वर्तुळ मारा. ठाणे सरळ रेषेत साधारण २६ किलोमीटरवर आहे, म्हणजे वर्तुळाच्या मधल्या भागात. कल्याण आत येतं, पनवेल आत येतं, बदलापूर अगदी कडेवर. आजची वाशी तर २० किलोमीटरच्या आसपास, पण तेव्हा तिकडे शहर कुठलं, आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं आणि भातशेती.

आणि आपल्या बाजूला एक मोठा फायदा होता तो म्हणजे खाडी. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून येतात, कोरड्या खडकाळ जमिनीवर त्यांची ताकद पटकन जिरते पण खाऱ्या पाण्यावरून आणि खारफुटीच्या चिखलावरून त्या आरामात लांबवर जातात, कारण खारं पाणी विजेला वाट देतं. माहीम, शीव, मुलुंड, ठाण्याची खाडी असा सगळा ओला खारट पट्टा मध्ये, त्यामुळे नौपाड्यात आवाज चांगलाच येत असणार.

एक पुरवणी माहिती. हे वरळीचं केंद्र म्हणजे मुंबईतला पहिला आवाज नव्हे बरं का. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या ऑफिसातून पोस्ट-तार खात्याच्या मदतीने गाण्याचा एक खास कार्यक्रम हवेत सोडला होता आणि तो गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात बसून ऐकला. मग जून १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने कार्यक्रम सुरू केले, हौशी लोकांचा क्लब. पण रोज ठरल्या वेळी कार्यक्रम लावणारं, पगारी माणसं असलेलं रीतसर स्टेशन म्हणाल तर ते २३ जुलै १९२७ चं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आजही २३ जुलैला प्रसारण दिन पाळतात तो त्यामुळेच.

प्रश्न : स्टेशन इतकं गाजलं म्हणता तर कंपनी अडीच वर्षांत बुडाली कशी? लोक ऐकत नव्हते का? (विद्यार्थिनी, ठाणे)

लोक ऐकत होते ग, पैसे मिळत नव्हते. हा हिशोब मी तुझ्यासाठी मांडतो, कारण मला स्वतःला तो पहिल्यांदा कळला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

कंपनीचं अधिकृत भांडवल १५ लाख, पण प्रत्यक्ष जमा झालं ६ लाख. त्यातले साडेचार लाखांच्या आसपास मुंबई आणि कलकत्ता ही दोन स्टेशनं उभारण्यातच गेले, कलकत्त्याचं स्टेशन महिन्याभराने, ऑगस्ट १९२७ मध्ये सुरू झालं. म्हणजे दुकान उघडलं तेव्हाच गल्ल्यात खडखडाट. आता मिळकत बघ. रेडिओ ठेवायचा तर लायसन्स लागायचं, वर्षाला १० रुपये, क्रिस्टल सेटलासुद्धा. त्यातले ८ रुपये कंपनीला. १९२७ च्या शेवटी सगळ्या देशात लायसन्स किती? साडेतीन हजारांच्या आसपास. आठने गुण, वर्षाचे २८ हजार. आणि कंपनीचा खर्च होता महिन्याला ३३ हजारांच्या घरात! वर्षाची कमाई एका महिन्यालाही पुरत नव्हती. परदेशातून येणाऱ्या सेटवर कंपनीला १० टक्के मिळायचे, पण सेटच कमी येत होते तर त्याचे किती मिळणार. १९२९ संपताना लायसन्स पावणेआठ हजारांपर्यंत गेली, म्हणजे दुपटीहून जास्त वाढ, तरीही भोक बुजण्यासारखं नव्हतंच.

शिवाय लायसन्स न काढता ऐकणारे होतेच. क्रिस्टल सेट घरी बनवता यायचा, पुठ्ठ्याच्या डब्यात मावायचा, कोण तपासायला येणार.

१ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली. पण खरी गोष्ट मला वाटतं इथून पुढे सुरू होते आणि तीच फारशी कोणी सांगत नाही. सेट विकणारे व्यापारी आणि ऐकणारे लोक सरकारच्या मागे लागले की हे बंद करू नका, आणि सरकारने १ एप्रिल १९३० पासून दोन वर्षं प्रयोग म्हणून स्टेशनं स्वतः चालवायला घेतली, नाव ठेवलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. जगभर मंदी आलेली, तोटा चालूच, म्हणून ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने परत ठरवलं की बंदच करायचं. परत लोकांनी ओरड केली आणि महिन्या-दीड महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला! रेडिओ सेटवरची आयात जकात ५० टक्के केली म्हणजे पैसा उभा राहील, असा मार्ग काढला, आणि मे १९३२ मध्ये कायमचं चालवायचं ठरलं. त्याच डिसेंबरात लंडनहून बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली, ती ऐकायला इथल्या गोऱ्या साहेबांनी भराभर सेट घेतले, जकात भरली, लायसन्स काढली, आणि १९३४ संपेपर्यंत लायसन्स १६ हजारांवर गेली. ८ जून १९३६ ला त्याचंच ऑल इंडिया रेडिओ झालं.

म्हणजे हे स्टेशन दोनदा बंद पडता पडता वाचलं, आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी वाचवलं. त्या वेळी लिहिणाऱ्यांची, अर्ज करणाऱ्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत, त्यात एखादा ठाणेकर असेलही, मला फार वाटतं की असावा.

प्रश्न : आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीचा ५५८ किलोहर्ट्झ हा असा विचित्र आकडा का? सरळ ५६० का नाही ठेवला? (इयत्ता नववी, ऐरोली)

छान प्रश्न. ५५८ ला ९ ने भाग, ६२ येतील, बाकी शून्य. आकाशवाणी मुंबईचाच १०४४ घे, ११६. विविध भारतीचा जुना ११८८ घे, १३२. जगातल्या आपल्या भागात मीडियम वेव्हची स्टेशनं एकमेकांपासून ९-९ किलोहर्ट्झवर ठेवायची असं १९७५ साली जिनिव्हाला ठरलं आणि नोव्हेंबर १९७८ पासून लागू झालं, म्हणून सगळे आकडे नऊच्या पाढ्यात. आता एक गंमत कर, ३ लाखांना ५५८ ने भाग म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये मिळेल. ५३७ मीटरच्या वर येते, अर्ध्या किलोमीटरहून लांब एकच लहर!

प्रश्न : सासऱ्यांचा जुना मर्फी रेडिओ दुरुस्त करून घेतला, चांगले पैसे मोजले. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात आवाज येत होता, नेरुळला अकराव्या मजल्यावर आणला तर नुसती घरघर. फसवलं का त्याने? (गृहिणी, नेरुळ)

नाही ताई, दुकानात वाजला म्हणजे त्याने काम नीट केलंय, दोष त्याच्यावर टाकू नका. दोष घराचा आहे. आरसीसीच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते, मीडियम वेव्हच्या लहरींसाठी ते पिंजऱ्यासारखं होतं, आत फार थोडं पोचतं. आणि जे पोचतं त्याच्यावर घरातलीच उपकरणं धिंगाणा घालतात, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. एफएमवर हा त्रास कळत नाही कारण तिथे माहिती लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारितेत, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा कंप पावते त्यात असते, खरखर उंचीला चिकटते. एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हच्या पद्धतीत, माहिती उंचीतच असते, म्हणून प्रत्येक चार्जर ऐकू येतो.

एक करून बघा, संध्याकाळी मेन स्विचच बंद करा पाच मिनिटं. पण तुमचा मर्फी व्हॉल्व्हचा आणि घरच्या लाइटवर चालणारा असेल तर तोही बंद पडेल, म्हणून शेजाऱ्यांकडचा साधा सेलवरचा ट्रान्झिस्टर आणा आणि त्यावर ऐका, घरघर किती घरची होती ते लगेच समजेल. ट्रान्झिस्टरमध्ये आडवी काळी फेराइटची कांडी असते, तीच एरियल, त्यामुळे सेट सावकाश गोल फिरवत जा, एका दिशेला आवाज एकदम उघडतो. आकाशवाणीचे ट्रान्समीटर मालाडला मार्वे रोडच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडून वायव्येला. मर्फीसाठी मात्र खिडकीबाहेर, ग्रिलला न चिकटवता, दहा-बारा फूट वायर सोडा आणि मागच्या एरियलच्या भोकात लावा. दुरुस्तीवाल्याकडून एवढं विचारून घ्या की सेट डायरेक्ट मेन्सवर आहे का ट्रान्सफॉर्मरवर, डायरेक्टवाल्या जुन्या सेटच्या चेसिसला करंट असू शकतो, लहान मुलं असतील तर मागचं झाकण कधी उघडं ठेवू नका.

रात्री नऊनंतर पण लावून बघा हं. दिवसा सूर्यामुळे आकाशातला एक थर या लहरी शोषून घेतो, रात्री तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात, गुजराती येतं, कन्नड येतं, कधी कधी समुद्रापलीकडचं पण.

आणि सासऱ्यांचा सेट मर्फी आहे हे वाचून मला विशेष आनंद झाला, मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता, बोट ओठाला लावलेल्या त्या बाळाचं कॅलेंडर कित्येक घरात होतं. तो सेट कदाचित माहेरीच परत आलाय! अस्मिता वाहिनीचे कार्यक्रम ऐकायची सवय असेल तर मर्फी नीट लागेपर्यंत ते न्यूज ऑन एअर ॲपवर ऐका, पण सेट विकू नका.

प्रश्न : उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ याच वरळीच्या स्टेशनवरून लागायचा का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय. (वाशी)

नाही, बिलकुल नाही, प्रोजेक्टमध्ये हे दोन वेगळे ठेव. काँग्रेस रेडिओ १९४२ चा, चले जाव चळवळीतला, सरकारपासून लपून चालवलेला, आणि सरकारी रेडिओ जे सांगत नव्हता ते सांगायलाच काढलेला. उषाबेन तेव्हा २२ वर्षांच्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर असे सोबती, शिकागो रेडिओ या कंपनीच्या नानिक मोटवानींची उपकरणांसाठी मदत, राम मनोहर लोहियांचा पाठिंबा. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर सतत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचे. १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला होत्या, १९४६ मध्ये सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ मध्ये पद्मविभूषण.

तांत्रिक फरक लिहिशील तर प्रोजेक्ट उठून दिसेल. त्यांची घोषणा ४२.३४ मीटर अशी असायची. मगाशी ऐरोलीच्या मुलाला सांगितलेला भागाकार कर, साधारण ७०८५ किलोहर्ट्झ येतात, म्हणजे ही शॉर्टवेव्ह, हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्याजवळची. वरळीचं १९२७ चं केंद्र मीडियम वेव्ह. पद्धत दोन्हीकडे एएमच, पण पल्ला वेगळा, शॉर्टवेव्ह छोट्या ट्रान्समीटरवरूनही आकाशातून उडी मारत लांबवर जाते, म्हणून त्यांनी ती निवडली असणार. नुसता मीडियम वेव्हचा सेट असलेल्या घरात मात्र काँग्रेस रेडिओ ऐकायला आला नसता.

प्रश्न : सासूबाई गेल्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना रेडिओ लायसन्सची छोटी पुस्तकं सापडली, आत पोस्टाचे शिक्के आहेत. रद्दीत टाकू का? घरचे म्हणतात काय करायचीयत. (चरई, ठाणे)

ताई, कृपा करून टाकू नका!

रेडिओ लायसन्स १९८० च्या दशकाच्या मध्यात रद्द झालं, त्याआधी दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, मोठ्या सेटला १५ रुपये. आमच्याकडे ते काम माझ्याकडे असायचं, पोस्टातल्या रांगेत पुस्तक छातीशी धरून उभा राहायचो. त्या शिक्क्यांवर पोस्ट ऑफिसचं नाव आणि तारीख असते, म्हणजे तुमच्या घरात रेडिओ कुठल्या साली आला, घर कधी बदललं, मधे एखादं वर्ष पैसे भरायला जमलं नाही, हे सगळं त्या पुस्तकात आहे. वरळीचं स्टेशन ज्या लायसन्सच्या पैशावर जगायला बघत होतं, त्याच पद्धतीचं हे शेवटचं टोक.

लॅमिनेट करू नका, त्याने शाई आणि कागद दोन्ही जातात. सेलोटेप लावू नका. पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, पुस्तकं साध्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते. प्रत्येक पानाचा उजेडात मोबाइलवर फोटो घ्या, आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा की सेट कोणत्या कंपनीचा होता, कोणत्या खोलीत कुठल्या फळीवर असायचा आणि तो लावायचं कोण. सासूबाई कामगार सभा ऐकायच्या की वनिता मंडळ की आपली आवड, तेही लिहा. घरात जे सगळ्यात वयस्कर असतील त्यांना या रविवारीच विचारा.